मागून येणारा आवाज

देवळाली कॅम्पच्या रस्त्यांवर बाराही महिने बाहेरगावच्या मोटारी दिसतात. येथील कोरड्या, आल्हाददायक हवेसाठी मुंबईची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. कोणी कहाननगरला स्वाध्यायासाठी येतात, तर कोणी येथे मुक्काम करून म्हसरूळच्या गजपंथास किंवा बागलाणातील मांगीतुंगीस जातात. चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली, की ही वर्दळ वाढते. त्याआधीचे चार महिने मोटारीच्या मागच्या चाकांनी पाऊस, चिखल आणि खड्डे यांचा मार सोसलेला असतो. मागच्या आसनावर तीन माणसे, डिकीत सामान आणि वाटेत कसाऱ्याचा घाट, अशा वेळी मागून ‘खट् खट्’ असा आवाज येऊ लागला, तर गाडीतील ज्येष्ठ मंडळींचा जीव टांगणीला लागतो.

अशा आवाजावर बहुधा दोनच उपाय केले जातात. एक, रेडिओचा आवाज वाढवणे. दुसरा, गॅरेजमध्ये जाऊन ‘मागचे शॉकअप बदलून टाका’ असे सांगणे. पहिल्यात धोका आहे आणि दुसऱ्यात पैसा वाया जाण्याची शक्यता. नवे शॉकअप बसवूनही दुसऱ्या दिवशी तोच आवाज येतो, कारण दुखणे निराळ्याच ठिकाणी असते.

ऐकण्याची जागा

देवळाली हे तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे गाव आहे; तोफांचे आवाज येथील रहिवाशांच्या कानांना सवयीचे आहेत. पहिल्या महायुद्धात शत्रूची दडलेली तोफ आवाजावरून शोधण्याची एक पद्धत विकसित झाली. शास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग हे 1915 पासून ब्रिटिश सैन्यासाठी या कामात गुंतले होते. दूरदूर अंतरावर अनेक ध्वनिग्राहक मांडायचे, तोफेचा आवाज प्रत्येकापाशी किती क्षणांच्या फरकाने पोहोचला ते नोंदवायचे आणि त्यावरून तोफेची जागा काढायची, अशी ती रीत होती. एकाच ठिकाणी कान लावून ते साधले नसते.

मोटारीच्या बाबतीत हेच घडते. पत्र्याच्या पोकळ सांगाड्यातून आवाज फिरून येतो. चालकाला जो उजवीकडचा वाटतो, तो मागे बसलेल्यास डावीकडचा वाटतो. दोघेही आपापल्या जागेवरून खरेच बोलत असतात. अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी, स्वतः मागच्या आसनावर आळीपाळीने दोन्ही बाजूंना बसावे, आणि कोणी बाहेर उभे राहून गाडी गतिरोधकावरून सावकाश जाताना ऐकावे. तिन्ही ठिकाणची साक्ष जुळली, की निम्मे काम झाले.

आधी डिकी, मग गॅरेज

या परीक्षेपूर्वी डिकी पूर्ण रिकामी करावी. सैल स्टेपनी, तिच्याखालचा जॅक व पाना, मागच्या आसनाची नीट न बसलेली कडी, रिकाम्या आसनाच्या पट्ट्याचे आपटणारे बक्कल, हे सर्व हुबेहूब सस्पेन्शनसारखे वाजतात. स्टेपनी काढून एक फेरी मारावी. आवाज थांबला, तर गॅरेजची पायरी चढण्याचे कारण उरत नाही. चाकांचे नट मात्र सर्वांत आधी तपासावेत. ते सैल असतील, तर आवळल्याशिवाय गाडी एक पाऊलही पुढे नेऊ नये.

त्यानंतर आवाजाचा स्वभाव ओळखावा. खड्ड्यात ‘खट्’ असा एकच कोरडा ठोका येत असेल, तर शॉकअपचे वरचे माउंटिंग, झिजलेला बुश किंवा, ज्या गाड्यांना मागे स्टॅबिलायझर असतो त्यांत, त्याचा लिंक रॉड यांवर संशय घ्यावा. सावकाश चालताना जुन्या दारासारखी ‘करकर’ होत असेल आणि पावसात ती नाहीशी होत असेल, तर कोरडे पडलेले रबर हे कारण असू शकते. ब्रेक हलका दाबताच खडखड थांबत असेल, तर ब्रेकचे भाग तपासावेत. वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ अशी घरघर टायरची किंवा बेअरिंगची असते. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा ती वाढली, तर डाव्या बेअरिंगकडे प्रथम पाहावे. सायलेन्सरचे तुटलेले रबरही खालून ठोके देते, हे विसरू नये.

जुन्या सवयीविषयी येथे एक सूचना. अँबेसिडरसारख्या गाड्यांना मागे लोखंडी पाटे असत आणि ते कुरकुरू लागले, की त्यांत ग्रीस भरत. आजच्या बहुतेक लहान मोटारींत मागे पिळली जाणारी एक आडवी तुळई, दोन गुंडाळी स्प्रिंगा आणि दोन शॉकअप असतात. 1974 मध्ये आलेल्या फोल्क्सवागेनच्या गोल्फ मोटारीने ही रचना लोकप्रिय केली. तुळई गाडीला रबरी बुशांनी जोडलेली असते. रबरास तेल किंवा ग्रीस लावले, तर ते फुगते व लवकर निकामी होते. परीक्षेसाठी साधे पाणी पुरेसे आहे: एका वेळी एकाच बुशावर पाणी टाकून गाडी दाबावी. ज्या बुशावर पाणी टाकताच करकर क्षणभर थांबेल, तोच दोषी.

गाडीखाली पाहणे गॅरेजच्या लिफ्टवरच योग्य. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही अनुभवी असले तरी, शिरू नये. लिफ्टवर शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, बुशाचे रबर फाटले आहे का, स्प्रिंगेचे टोक तुटले आहे का, हे स्वतः पाहावे. तुटलेली स्प्रिंग टायरला कापू शकते. अशी गाडी घाटात नेणे म्हणजे कुटुंबाचा जीव पणाला लावणे. शॉकअप बदलायचेच ठरले, तर जोडीने बदलावेत. आणि बुशाचा बोल्ट गाडी पुन्हा चाकांवर उभी करून मगच पक्का आवळावा. चाके लोंबकळत असताना आवळला, तर खाली उतरवल्यावर रबर पिळलेलेच राहते व थोड्याच दिवसांत फाटते.

निदानाची मजुरी

आता व्यवहाराची गोष्ट. मेकॅनिकने अर्धा तास गाडी तपासून ‘पन्नास रुपयांचे रबर गेले आहे’ असे सांगितले, तर आपण त्याला रबराचे पैसे देतो आणि अर्ध्या तासाचे देताना कुरकुरतो. त्याच मेकॅनिकने तपासणी न करता हजारोंचे भाग बदलले, तर बिल निमूटपणे चुकते करतो. अशा रीतीने प्रामाणिक निदानाला दंड आणि अंदाजपंचे कामाला बक्षीस देणारे आपणच ठरतो. दुकानावर बसणाऱ्या माणसाला हा हिशेब कळायला वेळ लागू नये. गाडी देताना ‘आधी कारण शोधा, शोधण्याची मजुरी वेगळी घ्या, आणि काढलेला जुना भाग दाखवा’ एवढे तीन शब्द स्पष्ट बोलावेत. सोबत एका कागदावर आवाज केव्हा, कोणत्या रस्त्यावर, किती वेगात आणि किती माणसे असताना येतो, ते लिहून द्यावे. वैद्यापुढे रोग्याने सांगितलेल्या लक्षणांचे जे मोल, तेच या कागदाचे.

यात्रेची तारीख ठरली, की किमान आठ दिवस आधी ही तपासणी उरकावी, म्हणजे भाग मागवावा लागला तरी वेळ राहतो. आणि एक लक्षात ठेवावे: आपल्या अनेक गाड्या खड्ड्यांतून वेगाने धावतात, त्या सूर्यास्तापूर्वी पोहोचून जेवण आटोपण्याच्या घाईने. सकाळी तासभर लवकर निघाले, तर व्रतही पाळले जाते आणि मागच्या चाकांवरील मारही बराच कमी होतो.