चलन मान्य नसेल तर
इचलकरंजीत सूत वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला ई-चलन आले, की कोर्टाच्या फेऱ्यांत रोजगार बुडेल म्हणून तो मुकाट्याने पैसे भरतो. ही अडचण खरी आहे. पण चलन म्हणजे निकाल नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम २००नुसार पोलिसांकडे दंड भरणे ही तडजोड असते. ती नाकारली तर दोष ठरवणे न्यायदंडाधिकाऱ्यांचे काम. आधी चलनावरचा फोटो पाहा: नंबरप्लेट, जागा, तारीख, वेळ. गाडी भलत्याचीच निघाली, तर तोच भक्कम पुरावा. महाट्रॅफिक अ‍ॅपवरही तक्रार करता येते. लोकअदालतीची नोटीस आली तरी तडजोडीची सक्ती नसते. मात्र तिथे एकदा तडजोड झाली, की तिच्यावर अपील करता येत नाही.