साडेसोळा मिलिमीटरचा रूळ

कोथरूडला, कर्वे रस्त्यालगतच्या गल्लीत, एका इमारतीत अख्खं गाव नांदतं. सर्कस, कारंजी, उड्डाणपूल आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या आगगाड्या. खोलीतले दिवे मंदावले, की गावात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. भाऊसाहेब जोशी यांनी आधी सुटे करून नेता येतील असे देखावे बांधून प्रदर्शनं भरवली. जोडा, मोडा, पुन्हा जोडा यातले हाल सोसल्यावर कायमच्या जागेचा विचार पक्का झाला आणि 1 एप्रिल 1998 रोजी हे छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांना खुलं झालं.

ते पाहून छत्रपती संभाजीनगरला परतणाऱ्याच्या मनात आपलीच लाइन घोळू लागते. मग हिशेब सुरू होतो. एचओ मापात सगळं 87 पट लहान. आजकालच्या गाड्यांचा एलएचबी डबा 27 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे वीस डब्यांची गाडी साडेपाच मीटरची! दौलताबाद स्टेशन जेमतेम 14 किलोमीटरवर, पण त्यालाही 160 मीटर लागतात. घरातली मोठ्यात मोठी खोली धरली, तरी डबे पाच-सहाच ठेवावे लागतात आणि अंतराला कात्री लावावी लागते. काय गाळायचं हे ज्याला कळलं, त्याचा अर्धा आराखडा झाला.

रुळांचंही तसंच. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, युरोपातल्या गेजच्या हिशेबाने. आपला ब्रॉडगेज त्या मापात सव्वाएकोणीस भरतो. निजामाच्या काळातली, नव्वदच्या दशकापर्यंत टिकलेली इथली मीटरगेज हवी असेल, तर साडेअकरा. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर आपली गाडी थोडी आखूड पावलांनीच चालते.

पण खरी परीक्षा पाहतो तो गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा. टोकाला निमुळत्या झालेल्या दोन पट्ट्या, खाली एक छोटी मोटर. पट्टी मुख्य रुळाला घट्ट चिकटली पाहिजे. मध्ये केसभर फट राहिली, तरी चाकाची मिलिमीटरभराची कड तिथे घुसते आणि डबा आडवा होतो. नखाने चाचपून, कानशीच्या एकेका हलक्या हाताने ती जागा साधावी लागते. ही चिकाटी पाहिली, की ती जागा साधणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो.

त्याहून चिवट तिढा विजेचा. एका रुळावर धन, दुसऱ्यावर ऋण. गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट तोंडाने परतली, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. उपाय असा, की वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडायचे आणि गाडी आत असताना मुख्य मार्गाची धन-ऋण बाजू पालटायची. तो तुकडा गाडीहून लांब हवा. मार्कलिन कंपनीने रुळांमध्ये तिसरा संपर्क देऊन हा तिढाच टाळला.

इथला उन्हाळा मात्र कोणत्याही आराखड्यात मावत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड आकसतं, रुळांचे जोड सरकतात. वाऱ्यासोबत धूळ येते, ती रुळांवर आणि चाकांवर बसते, आणि इंजिन अडखळतं. जागेची अडचण तर आहेच: चढाव दोन टक्क्यांचाच ठेवला, तर एका रुळावरून दुसरा न्यायला आठ सेंटिमीटर उंची हवी आणि तिला चार मीटर जागा. भिंतीकडच्या बोगद्यात गाडी घसरली, तर हात पाऊण मीटरपलीकडे पोचत नाही. म्हणून बोगद्यावरचा, दौलताबादचा देवगिरी डोंगर पोकळ आणि हलका करायचा, दोन्ही हातांनी उचलून कॉटवर ठेवता येईल इतका.