पाठ टेकली तरी लढत चालूच

जत्रेतली कुस्ती तुम्ही पुष्कळ वेळा पाहिली असेल. दोन मल्ल मातीत उतरतात. सलामी झडते. झटापट होते. एकाची पाठ मातीला टेकली की कुस्ती निकाली. हलगी कडाडते. कोण जिंकले ते लहान पोरही सांगते.

आता एका निराळ्या लढतीची गोष्ट ऐका. एके दिवशी आमची नात पडवीत बसून मोबाइलवर लढत पाहत होती. जाळीच्या आठकोनी पिंजऱ्यात दोन बाया झुंजत होत्या. शेजारच्या मावशी ताक न्यायला आल्या, त्याही डोकावल्या. एक बाई पाठीवर पडली होती. दुसरी तिच्या अंगावर होती. मावशी म्हणाल्या, "झालं की गं! चीत झाली. पंच काय झोपलाय?"

इतक्यात वरचीच बाई तळहाताने थापा मारू लागली. पंच धावला. त्याने दोघींना सोडवले आणि खाली पडलेल्या बाईचा हात वर केला.

मावशी आमच्याकडे वळल्या. "गुरुजी, हा कुठला न्याय?"

आम्हाला तेव्हा नीट सांगता आले नाही. मग आम्ही नातीकडून सगळे समजून घेतले. जुन्या लढती पाहिल्या. जे कळले ते इथे सांगतो.

या खेळाला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. लोक थोडक्यात एमएमए म्हणतात. यात कुस्ती आहे, ज्यूदो आहे, ठोसे आहेत, लाथाही आहेत. एक फेरी पाच मिनिटांची असते. साध्या लढतीत तीन फेऱ्या, किताबाच्या लढतीत पाच. डोळ्यात बोट घालणे, चावणे, केस ओढणे याला बंदी आहे. पाठ टेकली म्हणून मात्र कोणी हरत नाही.

मग हरते कोण? ठोशांनी जी पार हतबल होते, ती हरते. सगळ्या फेऱ्या संपल्या तर बाहेर बसलेले तीन पंच गुण देतात, त्यात जी मागे पडते ती हरते. आणि जी हार कबूल करते, ती हरते. ही शेवटची गोष्टच मावशींना चकवून गेली.

तुमचा हात समोर लांब करा. कोपर आत दुमडते. उलट्या बाजूला दुमडते का? नाही. आता समजा, कोणी तुमचा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये धरला. मनगट आपल्या छातीशी आवळले आणि कंबर वर उचलली. काय होईल? सरपणाची काटकी आपण गुडघ्यावर मोडतो, तसा ताण कोपरावर येईल. तुमचा एक हात आणि समोरचीची सगळी कंबर-मांडी, असा तो सामना होतो. म्हणून पाठीवर पडलेली बाईसुद्धा खालून हा डाव टाकू शकते.

दुसरा मोठा डाव गळ्याचा. मागून गळ्याला हाताचा वेढा घालतात. मानेच्या दोन्ही अंगांना मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. त्या दाबल्या की मेंदूला रक्त कमी पडते. थोड्याच सेकंदांत माणसाची शुद्ध जाते. त्याच वेळी सोडले तर माणूस लवकर शुद्धीवर येतो. नाही सोडले तर जिवावर बेतते.

म्हणून हार कबूल करायची खूण ठरली आहे. समोरचीच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापा मारायच्या. हात मोकळा नसेल तर तोंडाने सांगायचे. वेदनेने किंकाळी फुटली, तरी पंच ती हार धरू शकतो. तसा नियमच आहे. पंच एका जागी उभा राहत नाही, तो याचसाठी. तो भोवती फिरतो, गुडघे टेकतो, वाकून हात बघतो, तोंड बघतो.

आता खऱ्या लढतींकडे येऊ. अमेरिकेत राँडा राउझी नावाची बाई होती. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये तिने ज्यूदोत कांस्यपदक मिळवले होते. कोपराचा डाव हा तिचा हातखंडा. यूएफसी ही या खेळाची सर्वांत मोठी संस्था. तिने बायकांची पहिली लढत लावली ती २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, आणि ती राउझीनेच जिंकली. पण आम्ही सांगतो त्या लढती त्याआधीच्या, दुसऱ्या संस्थेतल्या.

१२ ऑगस्ट २०११. समोर होती सारा डॅलेलिओ. राउझीने उभ्या उभ्याच तिचा हात धरून अंग झोकून दिले. डॅलेलिओच्या तोंडून आवाज निघाला. पंचाने लगेच लढत थांबवली. अवघे २५ सेकंद झाले होते! राउझी म्हणाली, तिने तोंडाने हार मानली. डॅलेलिओ म्हणाली, मी हार मानलीच नव्हती. लोकांनीही ओरडा केला. बघा, पंचाची काय पंचाईत! आवाज निघाला हे खरे. पण तो हार मानल्याचा की नुसता कळवळल्याचा? विचार करायला त्याला क्षणभरही नाही. थांबला तर कोपर जाईल. थांबला नाही तर शिव्या मिळतील. त्याने शिव्या पत्करल्या. आम्हाला तो पंच आवडला.

३ मार्च २०१२ ला ओहायोतल्या कोलंबस गावी उलटा प्रकार झाला. या वेळी समोर मीशा टेट होती. ती मोठी जिद्दीची. एकदा हात सापडला तो तिने सोडवून घेतला. पहिली फेरी संपत आली असता हात पुन्हा सापडला. कोपर उलटे वाकले, तरी ती थाप मारीना. आम्हाला तर पाहवेना, आम्ही तोंड फिरवले. अखेर तिने थाप मारली तेव्हा हाताला व्हायची ती दुखापत होऊन गेली होती. पंच आधी थांबवू शकला असता काय? नियमाने थांबवू शकला असता. आमच्या मते थांबवायला हवे होते. नात म्हणते, "आजोबा, किताबाची लढत होती. तिला सुटायची संधी नको द्यायला?" यावर आमचे दोघांचे अजून जमलेले नाही.

हीच मीशा टेट ५ मार्च २०१६ रोजी हॉली होमशी लढली. होम ही मुळात बॉक्सिंगमधली. तिनेच चार महिन्यांमागे राउझीला हरवले होते. चार फेऱ्यांनंतर होम गुणांत पुढे होती. पाचव्या फेरीत तिने नुसता वेळ काढला असता तरी चालले असते. पण टेटने तिला पाडले, पाठीवर स्वार झाली आणि गळ्याला वेढा घातला. होम तिला पाठीवर घेऊन उठायला बघत होती. तिने थाप मारली नाही. शुद्ध जाता जाता ती हवेत ठोसे मारीत होती! लांबून पाहणाऱ्याला वाटावे, बाई अजून लढते आहे. पंच जवळ होता, म्हणून त्याला कळले. त्याने लढत थांबवली. फेरीचे दीड मिनिट उरले होते. इथे थाप नाही, शब्द नाही. पंचानेच ओळखायचे.

आपल्याकडची ऋतू फोगाट तुम्हाला ठाऊक असेल. दंगल सिनेमा ज्या घरावर निघाला, त्याच घरातली ही मुलगी. हरियाणातले बलाली तिचे गाव. तिने २०१७ साली २३ वर्षांखालील जागतिक कुस्तीत रौप्यपदक जिंकले. २०१९ पासून ती एमएमएत उतरली. ३ डिसेंबर २०२१ ला सिंगापूरला मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिची गाठ थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सशी पडली. पाडण्यात ऋतू तरबेज. आपल्या मातीत तेवढ्याने भागले असते. पण दुसऱ्या फेरीत स्टॅम्पने तिच्या कोपराला तोच डाव लावला आणि लढत संपली.

हे सारे मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग पोरीला असलं शिकवू नका बाई, हात मोडून घेईल."

आमची नात तालुक्याच्या गावी ज्यूदो शिकते. तिथे डाव शिकवण्याआधी थाप मारायला शिकवतात. समोरचीची थाप लागली की त्याच क्षणी सोडायचे. उशीर केला तर शिक्षक त्या दिवशी खेळू देत नाहीत. परवा तिने आमच्या हाताला तो कोपराचा डाव लावून दाखवला. तिने कंबर अजून उचललीही नव्हती, तोच आम्ही थाप मारून मोकळे झालो.