किरणोपचारातील मात्रेचा हिशोब : नवा पेशा आणि कागदाची पारख

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील आमच्या वाचकांत जीन्सचे कटिंग मास्टर आहेत, वेल्डर-फिटर आहेत, छोटे दुकानदार आहेत. बारावी सायन्स झालेल्या मुलामुलींना पुढे कोठे घालावे, हा प्रश्न दरवर्षी निकाल लागला की त्यांच्या घरी उभा राहतो. अलीकडे ‘मेडिकल डोसिमेट्री’ हे नावही कानावर येते. अमेरिकेत या पेशात वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक पगार आहे, असे सांगितले जाते. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी समजल्याशिवाय कोणी फी भरू नये, असे आम्हांस वाटते.

आधी काम काय ते पाहू. कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा मारा करताना डॉक्टर मात्रा ठरवून देतात. समजा, रोज २ ग्रे याप्रमाणे २५ दिवसांत ५० ग्रे. ही मात्रा गाठीला पुरेपूर मिळावी आणि शेजारचे फुफ्फुस, हृदय किंवा मज्जारज्जू शक्य तितके वाचावे, यासाठी किरण कोणत्या बाजूने व किती सोडायचे याचा आराखडा सीटी स्कॅनवरून संगणकावर तयार करतात. हे डोसिमेट्रिस्टचे काम. कटिंग मास्टर माप घेऊन कापडावर खूण करतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे चुकलेला काप पुन्हा शिवता येत नाही.

अमेरिकेत या कामासाठी वेगळा माणूस असतो. आपल्याकडे मात्र हा हिशोब बहुतेक ठिकाणी मेडिकल फिजिसिस्टच करतो आणि यंत्राची तपासणीही तोच करतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या यादीत डोसिमेट्रिस्ट हे नाव आले आहे. पण यादीत नाव येणे वेगळे आणि नोकरी निघणे वेगळे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार किरणोपचार केंद्राला मेडिकल फिजिसिस्ट ठेवावाच लागतो. म्हणून नवे यंत्र बसले की जागा निघते ती त्याची.

ही वाट लांबची आहे. तीन वर्षे बी.एस्सी., दोन वर्षे भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग एक वर्षाची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि त्यानंतर किरणोपचार विभागात किमान बारा महिन्यांची उमेदवारी. म्हणजे बारावीनंतर सात वर्षे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ही पदविका १९६२ पासून शिकवली जाते. प्रवेश परीक्षा व मुलाखतीतून मिळतो आणि शिकत असताना विद्यावेतनही मिळते. बी.एस्सी.साठी तर गाव सोडायचीही गरज नाही. उल्हासनगर स्टेशनजवळच चांदीबाई महाविद्यालय आहे.

पगाराचे म्हणाल, तर टाटा मेमोरियलसारख्या केंद्र सरकारच्या संस्थेत मेडिकल फिजिसिस्टची सुरुवातीची जागा वेतनस्तर १० ची असते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे या स्तराचे मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे, भत्ते वेगळे. खासगी इस्पितळात पगार अनुभव आणि बोलणी यांवर ठरतो.

ज्या घराला सात वर्षे थांबणे परवडत नाही, त्यांच्यासाठी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टचा रस्ता आहे. बारावी सायन्सनंतर मान्यताप्राप्त संस्थेतील किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष सराव त्याला लागतो. पगार कमी, पण कमाई लवकर सुरू होते. अशा जागेवर लागलेला माणूस ‘आराखडा मी करतो’ असे म्हणत फिजिसिस्ट होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कारण उस्तादाच्या हाताखाली शिकून वर चढण्याची वाट या पेशात बंद झाली आहे. अमेरिकेतही पूर्वी टेक्नॉलॉजिस्ट काम करता करता डोसिमेट्रिस्ट होत. २०१७ पासून मान्यताप्राप्त शिक्षणक्रम पूर्ण केल्याशिवाय तेथे प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत नाही. हातकामही घटले. किरण अडवण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या मापाचे ठोकळे मिश्रधातू वितळवून ओतले जात. अंबरनाथच्या ओतकाम करणाऱ्यास ते काम सहज उमगले असते. आता नव्या यंत्रात धातूच्या सरकत्या पट्ट्या तेच काम करतात. आराखड्याचा बराच भागही संगणक स्वतः करू लागला आहे. उरते ती तपासणी आणि जबाबदारी, आणि ती शिकलेल्या माणसावरच सोपवली जाते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की, डोसिमेट्रीच्या नावाने कोणी पदविका देऊ करील, तर आधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. हे शिक्षण अणुऊर्जा नियामक मंडळाला कोणत्या पदासाठी चालते? प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे? सराव कोणत्या इस्पितळात, कोणत्या यंत्रावर? उत्तर गोलमाल आले, तर उठून यावे. मंडळाचे कार्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. खात्री तेथे करता येते. आखाती देशांतही परवाना देताना पदवीची मूळ संस्थेकडे पडताळणी होते, तेव्हा कच्चा कागद तिकडेही चालत नाही.

वर्षभर मशीनवर बसून जमवलेली हलाल कमाई एका कागदापायी जाऊ नये. मुलगा असो वा मुलगी, गणित आणि भौतिकशास्त्र ज्याचे पक्के, त्याला ही वाट जरूर दाखवावी. पण माल घेताना जशी पारख करतो, तशी शिक्षणाचीही करावी.