पिल्लांच्या उबेचा बल्ब घेताना

दुकान, शिलाईकाम किंवा पिंजणकाम सांभाळून घरी पन्नास-शंभर कोंबडीची पिल्ले वाढवणे हा वणीसारख्या गावात चांगला जोडधंदा आहे. भांडवल थोडे लागते, घरातील भगिनींनाही तो सांभाळता येतो आणि गिऱ्हाईक मोहल्ल्यातच मिळते. परंतु हिवाळ्यात आणलेली पिल्ले पहिल्याच आठवड्यात मरू लागतात आणि दोष रोगाला दिला जातो. पुष्कळदा दोष असतो उबेचा.

मशीनमधून निघालेल्या पिल्लाला पहिले काही आठवडे स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही. आई कोंबडीचे काम बल्बने करायचे असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करावी.

बल्ब कोणता घ्यावा? घराघरांत आता एलईडी आले आहेत. त्यांचा उजेड भरपूर, पण ऊब जवळजवळ नाही. येथे जुना पिवळा तारेचा बल्बच उपयोगी, कारण तो ९० टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवतो. साधा हिशेब पिल्लामागे २ वॅटचा. पन्नास पिल्लांना १०० वॅटचा एक बल्ब घेण्यापेक्षा ६० वॅटचे दोन घ्यावेत. मध्यरात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. पिल्ले शंभराच्या वर असतील तर २५० वॅटचा इन्फ्रारेड बल्ब घ्यावा व तो जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर टांगावा. बारा तासांत तो ३ युनिट वीज खातो, हे खर्चात धरावे.

'न फुटणारा' म्हणून टेफ्लॉनचा लेप दिलेला बल्ब मात्र घेऊ नये. लेप तापला की निघणारा वायू पक्ष्यांचा जीव घेतो.

बल्बपेक्षाही होल्डर महत्त्वाचा. प्लॅस्टिकचा होल्डर या उष्णतेने वितळतो. चिनी मातीचाच घ्यावा. बल्ब वायरीवर लोंबकळत ठेवू नये. लोखंडी साखळीने टांगावा, शिवाय दुसरा आधार द्यावा आणि भोवती तारेची जाळी लावावी. होल्डरवर धूळ साचते, ती वीज बंद करून आठवड्याला पुसावी.

आता आमच्या धंद्यातील गोष्ट. वारा अडवण्यासाठी लोक जुनी साडी किंवा चादर बल्बभोवती बांधतात. सुती कापड भडकन पेट घेते. पॉलिएस्टर वितळून ठिबकते आणि जेथे पडते तेथे चिकटून जाळते. कापड बल्बजवळ नकोच. आडोसा पत्र्याचा करावा. पिंजारी बांधवांनी रुईच्या खोलीत आणि शिंप्यांनी चिंध्यांच्या ढिगाजवळ पिल्ले ठेवूच नयेत. शंभर पिल्लांच्या नफ्यापायी वर्षाचा माल जळाला, तर कोणता हिशेब जुळणार?

ऊब बरोबर आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट केला तर थंडी आहे, बल्ब खाली घ्यावा. चोच उघडी टाकून कडेला पळाली तर उष्णता जास्त, बल्ब वर करावा. सगळीकडे पसरून दाणा खात असतील तर ठीक. वणीच्या उन्हाळ्यात दिवसा बल्बची गरजच नसते.

रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आली आहे, कारण उंदीर वात ओढून घर पेटवू शकतो. आज उंदीर वायर कुरतडतो, एवढाच फरक. पिल्लांचा बल्ब रात्रभर चालू ठेवावाच लागतो. म्हणून वायर नळीतून न्यावी, फ्यूज योग्य असावा आणि झोपण्यापूर्वी एक फेरी मारावी. चिनी मातीचा होल्डर आणि साखळी यांवर होणारा खर्च हा खर्च नव्हे, तो धंद्याचा राखणदार आहे. आधी बंदोबस्त, मग तवक्कुल. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.