पाऊस आणि शहर (भाग ४) : नाल्याच्या आधी जाळी

दर मे महिन्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत नालेसफाईची छायाचित्रं झळकतात. नाल्यात उतरलेलं पोकलेन, गाळाचे डंपर, काठावर उभे राहून बोट दाखवणारे पुढारी. मोठे नाले गेल्या आठवड्यात आपण पाहिले. पण गल्लीत गुडघाभर पाणी साचतं तेव्हा ते अनेकदा नाल्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. ते अडतं रस्त्याकडेच्या लोखंडी जाळीशी.

हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर मीटर लांब आणि दहा मीटर रुंद गल्लीत तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५० हजार लिटर पाणी जमतं. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. गच्च्यांवरचं पाणीही बऱ्याचदा याच गल्लीत उतरतं, ते वेगळंच. एवढ्या पाण्याला वाट म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाळ्या. त्यावर एखादी प्लास्टिकची पिशवी पसरली, तिच्यावर ओली पानं बसली, की पाण्याच्या दाबानेच ते झाकण घट्ट होतं. खालची वाहिनी कोरडी आणि वर रस्त्यावर तळं, असा प्रकार मग घडतो.

वाहिनीचीही मर्यादा आहेच. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, असं धरून बांधलेल्या होत्या. ही क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याची ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना १९९३ च्या अहवालातली. तिला खरी गती आली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसापुढे जाळी साफ असून काही उपयोग नाही, हे कबूल. शिवाय समुद्रात पाणी सोडणारी शहराची बहुतेक पातमुखं भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे मोठ्या भरतीत पाणी थांबणारच. पण म्हणूनच ओहोटीचे तास वाया जाता कामा नयेत. त्या वेळी जाळी तुंबलेली असेल, तर दोष समुद्राचा नव्हे.

जाळीवर काय अडकतं ते आपल्याला दिसतं. जाळीतून आत काय जातं ते दिसत नाही, आणि नुकसान त्याचंच जास्त. रस्ता झाडून कचरा जाळीत लोटणं ही जुनी खोड. त्याहून वाईट म्हणजे घरदुरुस्तीची रेती आणि सिमेंटचं पाणी. पानं कुजतात, पिशवी ओढून काढता येते. सिमेंट मात्र वाहिनीच्या तळाशी दगड होऊन बसतं. ज्या सोसायटीत टाइल्सचं काम चालू आहे, तिने मिस्त्रीला आधीच बजावावं: घमेली रस्त्यावर धुवायची नाहीत. पावसाळ्यापूर्वी छाटलेल्या फांद्या वेळेवर उचलल्या जात नाहीत, ही मात्र यंत्रणेची ढिलाई आहे. तिचं खापर रहिवाशांवर फोडू नये.

रहिवाशांनी करायचं काम लहान आहे. पाऊस सुरू होण्याआधी आणि दोन सरींच्या मधे जाळीच्या वरचा कचरा लांब दांड्याच्या फावड्याने ओढून बाजूला घ्यायचा, आणि तो तिथेच न ठेवता कचरापेटीत टाकायचा. जाळी उचलायची नाही, चेंबरमध्ये उतरायचं नाही. गाळ उपसणं हे पालिकेचं काम आहे.

आणि पाणी लवकर ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण तर कधीही उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर प्रभादेवी परिसरात पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. पाणी साचलेल्या रस्त्यावर उघडं झाकण चालणाऱ्याला दिसत नाही.

जाळी आतून तुंबली असेल किंवा झाकण गायब असेल, तर मुंबईत १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करा. शक्यतो हे मे महिन्यातच करा. जुलैमध्ये त्या फोनवर सगळं शहर असतं.

(पुढच्या आठवड्यात : भरतीच्या वेळी पाणी उपसणारी उदंचन केंद्रं)