हलवा : नांव आणि पदार्थ

'हलवा' हा शब्द कानीं पडतांच दिल्लीकडील गृहस्थाच्या डोळ्यांपुढें तुपांत न्हालेला, वाफाळणारा रव्याचा अथवा गाजराचा पदार्थ उभा राहतो. आणि आपल्याकडील माहेरवाशिणीस आठवतो तो संक्रांतीचा पांढराशुभ्र, अंगभर काटा फुललेला तिळाचा दाणा. एकाच नांवाचे हे दोन पदार्थ दिसण्यांत, करण्यांत व खाण्यांत परस्परांशीं कांहींच नातें सांगत नाहींत. हें नांव मूळचें कोणाचें, आणि पदार्थ कोणाचा, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम एका गोड गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. शाळेंत असतांना आम्हीं या शब्दाची व्युत्पत्ति विचारली कीं वर्गांतून हमखास उत्तर येई, "हलवितात म्हणून हलवा!" उत्तर हजरजबाबी खरें, आणि कढईपाशीं घामाघूम झालेल्या कोणाही गृहिणीस तें पटेलही; परंतु भाषाशास्त्रास तें मान्य नाहीं. शब्द अरबी आहे. त्या भाषेंत 'हुल्व' म्हणजे गोड, आणि त्याच धातूपासून 'हलवा' म्हणजे गोड खाद्य. बगदादच्या मुहंमद अल्-बगदादीनें इ. स. १२२६ मध्यें पाकशास्त्रावर जो ग्रंथ रचिला, त्यांत अशा मिष्टान्नांस स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. तेथून हा शब्द इराण व तुर्कस्थान यांच्या मार्गें सर्वत्र पसरला. लेबनानांत त्या नांवानें तिळाच्या लगद्याची वडी मिळते. ग्रीस देशांत एक भाग तेल, दोन भाग रवा, तीन भाग साखर व चार भाग पाणी असा ठोकताळा गृहिणींच्या तोंडीं असतो. इराणांत व तुर्कस्थानांत तर घरीं कोणी निवर्तलें म्हणजे हलवा भाजून वांटण्याची चाल आहे. आपल्याकडे जो पदार्थ मंगलकार्यास, तोच तिकडे शोकप्रसंगीं. परंतु मृताच्या नांवानें चार मुखीं गोड घांस घालावा ही भावना आपणांस अपरिचित नाहीं.

आतां कोणत्याही मोठ्या कुटुंबांत असे एखादे तरी वडील असतात कीं जे म्हणतील, "शब्द यवनी, तर पदार्थही यवनीच; तो देवापुढें कसा चालतो?" या प्रश्नास उडवाउडवीचें उत्तर देणें बरें नव्हे, कारण त्याच्या पोटीं 'आपलें काय' हा खरा प्रश्न आहे. म्हणून ग्रंथांकडेच वळूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत जीं अन्नें देवतेच्या उद्देशाविना, केवळ स्वतःच्या जिव्हेसाठीं शिजवूं नयेत असें सांगितलें आहे, त्यांत 'संयाव' आहे. आणि टीकाकार कुल्लूकभट्ट त्याचा अर्थ तूप, दूध, गूळ व गव्हाचें पीठ यांनीं सिद्ध केलेलें अन्न असा करितो. पुढें सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या 'भावप्रकाशां'त 'लप्सिका' येते. बारीक गव्हाचें पीठ तुपांत भाजावें, साखर घातलेल्या दुधांत टाकावें, घट्ट झाल्यावर लवंग, मिरीं इत्यादि घालावें, अशी तिची कृति. मिरीं वगळून वेलदोडा घातला कीं हा आपला शिराच झाला! उत्तरेकडील 'लापशी' ही या लप्सिकेचीच लेक.

गंमत पुढेंच आहे. सत्यनारायणाच्या कथेंत प्रसादासाठीं केळें, तूप, दूध, गव्हाचें पीठ व साखर हीं सव्वा मापानें सांगितलीं आहेत; 'शिरा' हें नांव तींत कोठेंही नाहीं. तें असणार तरी कसें? 'शीरा' हा फारशी शब्द असून त्याचा अर्थ रस किंवा पाक असा आहे. म्हणजे ज्या वडिलांस हलव्याचें नांव खटकतें, ते पूजेनंतर प्रसाद म्हणून जें हातावर घेतात त्याचें नांवही परमुलुखचेंच. आणि याची परतफेड आपण केव्हांच केलेली आहे. आपली 'शर्करा' फारशींत 'शकर', अरबींत 'सुक्कर' झाली व तेथून युरोपांत गेली. आपलें 'खंड' तिकडे 'कंद' झालें. ज्या साखरेवांचून हलवा होत नाहीं तिचें नांव आपण पश्चिमेस दिलें, आणि 'हलवा' हें नांव घेतलें. या व्यवहारांत आपण ठकलों असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

अकबराच्या मुदपाकखान्याची जी नोंद अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त करून ठेविली आहे, तींत मांसविरहित पदार्थांत हलवा आहे : पीठ, खडीसाखर व तूप प्रत्येकीं १० शेर. शिखांचा कडा प्रसादही असाच समभाग कणीक, तूप व साखर यांचा. हल्लीं दिल्लीस अर्थसंकल्पाचीं कागदपत्रें सिद्ध होण्याच्या सुमारास अर्थखात्यांत मोठी कढई चढते व खुद्द अर्थमंत्री तींत झारा फिरवितात. देशाच्या करांचा कडू घोट उतरावा म्हणून ही योजना असावी!

या पदार्थाच्या मोहिनीचें रहस्य मात्र साखरेंत नसून भाजण्यांत आहे. पीठ तुपांत मंद आंचेवर परतीत असतां एक क्षण असा येतो कीं कच्चेपणाचा वास जाऊन खमंग दरवळ ओसरीपर्यंत पोंचतो. जिनें तो क्षण ओळखला तिला मापें सांगावीं लागत नाहींत. पिठाऐवजीं गव्हाचा चीक घेतला म्हणजे निराळीच जात होते. तिरुनेलवेलीचा प्रसिद्ध हलवा या चिकाचाच, आणि आपल्या कुरडयाही त्याच्याच.

राहिला तो आमचा संक्रांतीचा हलवा. याला तूप नाहीं, भाजलेलें पीठ नाहीं. पण कष्ट सर्वांत अधिक. साखरेचा पाक करून त्यांत किंचित् दूध घालून मळी काढितात. परातींत निवडलेले तीळ मंद निखाऱ्यांवर ठेवून पाक चमच्याचमच्यानें सोडावयाचा आणि बोटांच्या अग्रांनीं दाणे अखंड फिरवावयाचे. एक थर वाळल्याखेरीज दुसरा थेंब नाहीं. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात. हात जड पडला तर काटा मोडतो. पौषांतील कोरडी थंडी याला फार मानवते, म्हणून पूर्वीं बायका पहाटेस उठून कित्येक दिवस हें काम करीत. खसखस, साबुदाणा, लवंग, मगजाचें बीं यांवरही असाच काटा चढवीत, कारण त्यांतूनच नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे हार, बाजूबंद, तन्मणी आणि बाळाच्या बोरन्हाणाचा मुकुट सिद्ध व्हावयाचा. काळ्या चंद्रकळेवर ते शुभ्र दागिने जिनें ल्याले, तिला सोन्याचें कौतुक त्या दिवशीं तरी नसे. हल्लीं बाजारांत पुठ्ठ्यावर गोंदानें डकविलेले तयार दागिने मिळतात. ते दिसावयास ठीक, पण बाळाच्या अंगावरून पडलेला दाणा उचलून मुलांनीं तोंडांत टाकावा अशी त्यांची योग्यता नाहीं.

ज्यांस घरीं करून पाहावयाचें असेल त्यांनीं पहिल्या वर्षीं वाटीभर तिळांवर समाधान मानावें. निखारे नसल्यास बारीक ज्योतीवर जाड तवा व त्यावर परात ठेवावी. काटा चौथ्यापांचव्या थराआधीं दिसूं लागत नाहीं, तोंवर धीर सोडूं नये; आणि झालेला हलवा पूर्ण निवाल्यावांचून डब्यांत भरूं नये, नाहीं तर ओल धरून काटा एका रात्रींत बसून जातो.